मासेमारी नौकेची पारख

कोकणकिनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारीबंदी लागू झाली, की नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि एरवी पाण्याखाली दडलेला तळ तेव्हाच उघडा पडत असल्याने, जुनी नौका विकत घेणाऱ्याने रंगरंगोटीस न भुलता, समुद्रकृमींनी फळ्या पोखरल्या आहेत काय, याची तपासणी याच काळात करावी. उथळ खाडीत सपाट तळाची होडी सोयीची. परंतु खोल दर्यात, भरलेले जाळे ओढताना सारा भार एका बाजूस येत असल्यामुळे, पुरेशी रुंदी व काठाची उंची अपरिहार्य ठरते. मासळीचा कप्पा उष्णतारोधक नसेल, तर बर्फ वितळून मालाचा भाव उतरतो. पाणी उपसण्याचा पंप, जीवरक्षक जाकिटे आणि नोंदणीचे दस्तऐवज यांची खातरजमा करूनच सौदा मुक्रर करावा.