वर्णभेदाचा धडा वर्गात नको?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करण्यासाठी तिथल्या लोकांनी जो त्याग केला, त्याबद्दलची ती कृतज्ञता होती. ही गुलामी संपवणारे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन रिपब्लिकन पक्षाचे. हा पक्षच मुळी १८५४ साली गुलामगिरीचा प्रसार रोखण्यासाठी स्थापन झाला होता. आज त्याच पक्षाने शाळेत वर्णभेदाबद्दल काय शिकवावे आणि कसे शिकवू नये, यासाठी एकामागून एक कायदे केले आहेत. शिक्षकी पेशातील माणसाने आणि मुले वाढवणाऱ्या प्रत्येक आई-बापाने विचार करावा, असा हा विषय आहे.

पक्षाचे म्हणणे काय?

सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्णभेदविषयक प्रशिक्षणावर निर्बंध घालणारा आदेश काढला. जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी तो रद्द केला. पण तोवर हा वाद शाळांपर्यंत पोहोचला होता. 'क्रिटिकल रेस थिअरी' हा शब्द घरोघरी झाला. खरे तर ही कायद्याच्या महाविद्यालयांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांडली गेलेली विचारसरणी. वर्णभेद केवळ वाईट माणसांच्या मनात नसतो, तो कायद्यांत आणि व्यवस्थेतही मुरलेला असतो, असे ती सांगते. प्राथमिक शाळेत ती कोणी शिकवत नव्हते. पण वर्णभेदावरच्या प्रत्येक धड्याला हेच नाव चिकटवले गेले.

रिपब्लिकन पक्षाचा युक्तिवाद मात्र नीट ऐकून घ्यायला हवा. ते म्हणतात, गोऱ्या कातडीत जन्मला म्हणून कोणत्याही लेकराला अपराधी वाटायला लावू नका. पूर्वजांनी केलेल्या पापाचा जाब आजच्या मुलाला विचारू नका. यात चूक काहीच नाही. एक जीव दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, ही तर कुरआनची स्पष्ट शिकवण आहे. प्रश्न पुढे आहे. मुलावर ओझे टाकू नका, हे बरोबर. पण म्हणून त्याला खरे काय घडले ते सांगायचेच नाही का?

वर्गात काय घडते?

ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराचे उदाहरण घ्या. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने तिथली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीला आलेली वस्ती जाळली. हजारावर घरे भस्मसात झाली. मृतांचा आकडा तीनशेपर्यंत असावा, असा अंदाज आहे. त्यानंतर कित्येक दशके शाळेच्या पुस्तकांत याचा उल्लेख नव्हता. राज्याने १९९७ साली आयोग नेमला आणि २००१ साली त्याचा अहवाल आला.

मे २०२१ मध्ये, या हत्याकांडाला शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या काही दिवस आधी, त्याच राज्यात नवा कायदा झाला. वंशामुळे कोणाही व्यक्तीला अस्वस्थता, अपराधीपणा किंवा मानसिक क्लेश वाटला पाहिजे, अशी शिकवण देण्यास त्याने मनाई केली. टल्साचा इतिहास शिकवू नका, असे कायदा म्हणत नाही. तो अभ्यासक्रमात आहेच. पण जळालेल्या वस्तीची गोष्ट ऐकून एखादे मूल रडले आणि पालकांनी तक्रार केली, तर? ही भीती शिक्षकाच्या डोक्यावर बसते. मग तो काय करतो, हे शिक्षकाला विचारण्याची गरज नाही. तो धडा दहा मिनिटांत उरकतो आणि पान उलटतो.

फ्लोरिडा राज्य याहून पुढे गेले. जानेवारी २०२३ मध्ये तिथे आफ्रिकी-अमेरिकी अभ्यास हा उच्च माध्यमिक विषय नाकारण्यात आला. जुलैमध्ये आलेल्या नव्या निकषांत म्हटले की गुलामांनी जी कौशल्ये मिळवली, त्यांचा काही वेळा त्यांना स्वतःला फायदा झाला. यावर पक्षाचेच कृष्णवर्णीय सिनेटर टिम स्कॉट यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. म्हणजे पक्षातही सगळे एका सुरात बोलत नाहीत. तरीही जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सत्तेवर येताच ट्रम्प यांनी अशा शिकवणीला केंद्राचा पैसा मिळू नये, असा आदेश काढला.

कौशल्याच्या या दाव्यावर एका माणसाचे चरित्रच पुरेसे उत्तर आहे. उमर इब्न सईद हे पश्चिम आफ्रिकेतील फुता तोरो भागातले शिकलेले मुसलमान. १८०७ साली त्यांना पकडून अमेरिकेत विकले गेले. १८३१ साली त्यांनी आपली जीवनकथा अरबी भाषेत लिहिली. ते हस्तलिखित आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. हा माणूस लिहिणे-वाचणे गुलामीत शिकला नव्हता. विद्या घेऊनच तो आला होता. गुलामीने त्याचे फक्त स्वातंत्र्य काढून घेतले.

आपल्या घरातला धडा

अमेरिकेला बोल लावणे सोपे आहे. पुस्तकातून इतिहास वगळला जातो तेव्हा काय वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचे प्रकरण गेले, तेव्हा आपण हळहळलो. पण आपण स्वतः मुलांना सगळे सांगतो का?

माझ्या वर्गात एका सावळ्या मुलीला मुले 'हबशन' म्हणून चिडवत. एक दिवस तिनेच विचारले, "टीचर, हबशी ही शिवी आहे का?" मी पुस्तक बाजूला ठेवले आणि मलिक अंबरची गोष्ट सांगितली. हबशी म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा माणूस. त्यांतलाच हा एक, निजामशाहीचा वजीर झाला. मुघलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये अडवून धरले. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. खुलताबादला त्याची कबर आहे. मुले खूश झाली. मग मी उरलेली गोष्टही सांगितली, जी आपण एरवी सांगत नाही. हा मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता, आणि त्याला विकणाऱ्या-विकत घेणाऱ्यांत मुसलमानही होते.

वर्ग शांत झाला. एका मुलाने विचारले, "आपल्याच लोकांनी विकले?" मी हो म्हटले. कोणीही अपराधी होऊन घरी गेले नाही. पुढचा प्रश्न आला, "मग तो वजीर कसा झाला?" आणि तास रंगला. त्या मुलीला त्यानंतर त्या नावाने हाक मारलेली निदान माझ्या कानावर आली नाही.

आपल्या दीनमध्ये याचा मोठा नमुना आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून टोमणा मारला. तो माणूस म्हणजे हजरत बिलाल (रजि.) होते, असे सांगितले जाते. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना सुनावले की तुमच्यात अजून अज्ञानकाळातील दोष शिल्लक आहे. ही घटना आपल्यापर्यंत कोणी पोहोचवली? खुद्द अबू जर (रजि.) यांनी. त्यांनी आणि त्यांच्या गुलामाने सारखेच कपडे घातलेले पाहून कोणीतरी कारण विचारले, तेव्हा त्यांनी आपलीच चूक सांगितली. लाज वाटते म्हणून ती झाकली असती, तर आज आपण काय शिकलो असतो? न्यायाची साक्ष स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या विरोधात जात असली तरी द्या, हा कुरआनचा आदेश त्यांनी असा पाळला.

रंग आणि भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन "सून गोरी पाहिजे" म्हणतो. मुले दोन्ही ऐकतात. लक्षात मात्र घरातले राहते. तेव्हा वाचक भगिनी-बंधूंनो, या आठवड्यात जेवताना मुलांना मलिक अंबरची गोष्ट सांगा. अर्धी नको, पूर्ण सांगा. मुले आपल्याला वाटतात त्यापेक्षा खंबीर असतात.