पावसाचं पाणी मोजू या!

"बाई, या घनफळाच्या सूत्राचा पुढे आम्हांला उपयोग तरी काय?"

आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. परीक्षा संपली की सूत्रं विसरायची, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध! पण दोस्तांनो, याच गणितावर एक अख्खं गाव आपलं वर्षभराचं पाणी पुरवतं, असं सांगितलं तर?

हे गाव म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार. सगळा दुष्काळी मुलूख. एके काळी इथली माणसं पोटासाठी गाव सोडून जात. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९० च्या सुमारास गावकरी कामाला लागले. डोंगरउतारावर चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली. पण नुसतं पाणी अडवून भागत नाही, ते पुरवूनही वापरावं लागतं. म्हणून हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती झाला? माणसांना आणि जनावरांना किती पाणी लागेल? उरलेल्यात कोणती पिकं निघतील? पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची!

असा ताळेबंद आपल्या शाळेचाही मांडता येईल की! त्यासाठी हवी एक टेप, थोडी सुतळी आणि वही-पेन्सिल.

'आज १० मिलिमीटर पाऊस झाला' म्हणजे काय? पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, जिरलंही नाही, तर ते जमिनीवर १० मिलिमीटर उंच साचेल. आता १ मीटर लांब, १ मीटर रुंद जागेवर १ मिलिमीटर पाणी साचलं, तर ते भरतं बरोबर १ लीटर. करून पाहा गुणाकार!

समजा, शाळेचं छप्पर २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ १६० चौरस मीटर. (छप्पर उतरतं असेल तर उतार मोजायचा नाही हं! छपराखाली झाकलेली जमीन मोजायची.) १० मिलिमीटर पावसात त्यावर १६०० लीटर पाणी पडेल. त्यातलं थोडं उडतं, सांडतं. म्हणून ८० टक्केच हाती लागेल असं धरू. तरी झालं १२८० लीटर!

ते साठवायचं कुठे? शाळेच्या गोल टाकीला सुतळी गुंडाळा. परीघ भरला ४.४ मीटर, तर व्यास १.४ मीटर आणि त्रिज्या ०.७ मीटर. टाकीची उंची १.५ मीटर असेल, तर घनफळ २.३१ घनमीटर, म्हणजे २३१० लीटर. साधारण १८ मिलिमीटर पाऊस झाला की टाकी काठोकाठ!

आता खर्चाची बाजू. शाळेत २०० मुलं आहेत. हातपाय धुवायला प्रत्येकाला रोज २ लीटर पाणी दिलं, तर दिवसाला ४०० लीटर. म्हणजे भरलेली टाकी सहाव्या दिवशी संपली!

आणि तो कोपऱ्यातला ठिबकणारा नळ? त्याखाली १ लीटरची बाटली ठेवा. ती अर्ध्या तासात भरली, तर दिवसाला ४८ लीटर पाणी वाया गेलं. चोवीस मुलांच्या वाट्याचं पाणी! हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. बघा, नळ लगेच दुरुस्त होतो की नाही!

पालकांनो, घरच्या नळाचा हिशेबही मुलांकडूनच करून घ्या. आकडे स्वतः मोजलेले असले की गणिताची भीती आपोआप पळते.

आणि हो, पावसाळ्यात सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवा. पाऊस थांबला की आत पट्टी उभी धरा. झालं तुमचं पर्जन्यमापक! आता जाता जाता एक कोडं : डब्याचं तोंड दुप्पट मोठं घेतलं, तर पट्टीवर पाऊस दुप्पट दिसेल का? आधी विचार करा, मग दोन डबे ठेवून खात्री करून घ्या!