वानगी आणि पोते

आमच्या नात्यातील एका वाणिज्य पदवीधर मुलाने लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखतीपूर्वी संगणकावर कौशल्य चाचणी होणार होती : जीएसटीच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ, एक्सेलचे तक्ते. पंधरा दिवस तो पहाटे उठून पेढीवरील जुन्या बिलांच्या नोंदी टॅलीत करीत बसे. आदल्या रात्री मित्राने त्याच्या मोबाइलवर काही छायाचित्रे धाडली. सकाळच्या तुकडीला आलेले प्रश्न होते ते, उत्तरांसह. दोन प्रश्न वाचून झाल्यावर तो थबकला आणि त्याने विचारले, "पप्पा, हाही अभ्यासच नाही का?"

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तयारी करणे गैर नव्हे. नमुना प्रश्न तर पुष्कळदा कंपन्याच देतात. तशीच चाचणी पुन्हा दिल्यास गुण काहीसे वाढतात, हे संशोधनातही आढळले आहे. मग रेघ ओढावी कोठे?

धान्याच्या व्यापाऱ्याला हे उमगावे. गिऱ्हाईक मूठभर वानगी पाहून पोत्याचा सौदा करते. चाचणीतील वीस-पंचवीस प्रश्न म्हणजे अशीच वानगी. पंधरा दिवसांच्या सरावाने पोतेच निवडले जाते. फुटलेल्या प्रश्नांनी केवळ वरची मूठ.

सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध 2024 मध्ये केंद्राने कायदा केला. खासगी आस्थापनांच्या भरतीला तो लागू नाही. पण तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत स्वतः न चोरता चोरीचा माल स्वीकारणे हाही आहे. मुलाने काही चोरले नव्हते. दारात आलेले घ्यावयाचे की नाही, एवढेच त्याच्या हाती होते. शिवाय ज्याला असा मित्र नाही, त्या उमेदवाराच्या वाट्याचेच ते असते.

आपणही पेढीवर माणसे नेमतो आणि वर्षानुवर्षे तोच कागद पुढे करतो, हेही येथे कबूल केले पाहिजे. तो फुटणारच.

वडील एवढेच म्हणाले, "वाचलेले पुसता येत नाही, सांगता येते." दुसऱ्या दिवशी चाचणीपूर्वी मुलाने अधिकाऱ्यांना सर्व सांगितले. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि दुसरा संच दिला. त्यातील ताळमेळाचा प्रश्न त्याला पुरा करता आला नाही. निकाल अद्याप लागावयाचा आहे.