दाढ कोणाची, प्रश्न कोणाचे?

एक्स-रे काढला की दाढेतली कीड किती खोल गेली, ते डॉक्टरांना दिसतं. पण ठणका लागूनही माणूस महिनोन्‌महिने दवाखान्याची पायरी का चढत नाही, हे एक्स-रेत दिसत नाही. ते रुग्णालाच विचारायला हवं. मात्र काय विचारायचं, हे कोणी ठरवायचं?

नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये दंतोपचारांची भीती मोजायला चार प्रश्नांची मोजपट्टी केली. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, कसं वाटतं? खुर्चीत बसलात, दात कोरायचं यंत्र तयार होतंय, आता कसं वाटतं? पट्टी उपयोगी ठरली, पण प्रश्न संशोधकाचे होते. समजा, एखाद्याला यंत्रापेक्षा खर्चाची किंवा डॉक्टरांच्या बोलण्याची धास्ती असेल, तर ती या पट्टीवर कशी उमटणार?

ऑस्ट्रेलियातल्या गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर यांनी सुरुवातच रुग्णांच्या बोलण्यापासून केली. ६४ रुग्णांच्या मुलाखतींतून ५३५ विधानं मिळाली. त्यांतून ४६ वेगवेगळी विधानं निघाली. त्यांत तीनची भर घालून ४९ प्रश्नांची प्रश्नावली १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात चावण्याच्या त्रासाबरोबर झोपमोड आणि चारचौघांतला संकोचही आला.

तरी अंतिम निवड संशोधकांचीच होती. सहभागी संशोधन आणखी एक पाऊल पुढे जातं. इथे ज्यांचा अनुभव, तेच प्रश्न ठरवतात, माहिती जमवतात आणि तिचा अर्थही लावतात. १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांतल्या स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. फोटो स्त्रियांनी काढले, त्यांवर चर्चाही त्यांनीच केली. दातांच्या बाबतीतही रुग्णांना घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेचं चित्र काढायला सांगता येईल. अडखळण्याच्या जागा त्यात दिसतील.

वर्गात हे करून पाहा. 'दातांच्या डॉक्टरांकडे जाणं का टाळलं जातं?' याची कारणं मुलांना निनावी चिठ्ठ्यांवर लिहू द्या. लिहायचं नसेल त्याला मोकळीक असू द्या. चिठ्ठ्यांचे गट मुलांनीच पाडावेत, नावंही त्यांनीच द्यावीत. गावातली किती माणसं कोणत्या कारणाने थांबतात, हे यातून कळणार नाही. त्यासाठी मोठी पाहणीच हवी. पण त्या पाहणीत कोणते प्रश्न असावेत, ते नक्की कळेल.

एक करा. चिठ्ठ्या उघडण्याआधी तुमची स्वतःची यादी लिहून ठेवा. मुलांच्या यादीत असलेलं आणि तुमच्या यादीत नसलेलं काय, ते मग ताडून पाहा.