रेघोट्यांचे वय : बालवाडीतील मूल आणि रंगकाम

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन येणारे पालक अलीकडे एक तक्रार वारंवार सांगतात. मुलाला रेषेच्या आत रंग भरता येत नाहीत, आणि शाळेने डायरीत तसा शेरा लिहून पाठविला आहे. तपासणीअंती बहुधा मूल सर्वस्वी निरोगी निघते. वयाच्या आधी आलेली असते ती तक्रारच! म्हणून या वयात हाताकडून नेमके काय अपेक्षावे, याची थोडी शास्त्रीय चर्चा येथे करावी असे वाटते.

दीड वर्षाच्या सुमारास मूल हाती लागलेल्या खडूने आपण होऊन रेघोट्या ओढू लागते. दुसऱ्या वर्षी ते आपली पाहून उभी रेघ काढते. तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचाव्या वर्षी चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण, हा क्रम सर्वसाधारणपणे सर्वत्र आढळतो. शंकरपाळ्याचा आकार मात्र सहा-सात वर्षांपर्यंत भल्याभल्यांना चकवतो. खडू धरण्याची रीतही अशीच बदलत जाते. प्रथम संपूर्ण मुठीत धरलेला खडू खांद्यापासून हलतो, मग कोपरापासून, पुढे मनगटापासून. आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान अंगठा, तर्जनी व मध्यमा यांची परिपक्व पकड तयार होते. मनगटाची हाडे पूर्ण तयार नसतात म्हणून लिहिता येत नाही, असे काही शिक्षक सांगतात. तिसऱ्या वर्षी क्ष-किरण चित्रात आठांपैकी तीन-चारच हाडे दिसतात हे खरे. परंतु खरा प्रश्न हाडांचा नसून मेंदू, डोळा आणि बोटांचे स्नायू यांच्या मेळाचा आहे. तो मेळ खेळातून बसतो, शेऱ्यांतून नव्हे.

हे जाणणारी माणसे आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ साली भावनगरला नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे आणि माती आली. ज्या परिसरात वारली घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जातात, तेथे रंगपेटीवाचून काही अडावे असे नव्हतेच. आपल्या घरातील जुनी धूळपाटीही याच जातीची. बोटाने रेघ ओढावी, हात फिरवून पुसावी. चुकल्याची खूणसुद्धा उरत नाही.

गंमत अशी की, त्याच १९२६ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्रावरून बौद्धिक वाढ अजमावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिची प्रमाणे बसविली. या चाचणीत चित्राच्या सुबकतेला गुण नाहीत. डोळे आहेत का, हात धडाला जोडले आहेत का, बोटे किती, एवढेच मोजतात. छापील चित्र रेषेच्या आत रंगविणाऱ्या मुलाकडून यांपैकी काहीच कळत नाही, कारण माणूस छापखान्याने आधीच काढून दिलेला असतो. छापील पुस्तके सर्वथा वर्ज्य करावीत असे माझे मत नाही; हात स्थिर करण्यास चार-पाच वर्षांनंतर त्यांचा उपयोग होतो. परंतु कोरा कागद आधी यावा.

भाषेचा लाभ आपण विशेष लक्षात घ्यावा. भोपाळमधील आपली मुले शाळेत हिंदी व इंग्रजी रंग शिकतात. रंगकाम करताना शेजारी बसलेल्या आजीने जांभळा, पोपटी, मोरपिशी, अबोली, डाळिंबी, आमसुली म्हणावे. हे शब्द फळाफुलांतून आणि पाखरांतून आलेले असल्याने रंगासोबत वस्तूही मनात ठसते. चार वर्षांपर्यंत ठळक चार रंगांची नावे यावीत, इतकीच वैद्यकीय अपेक्षा आहे.

आता वैद्यकीय मित्रांसाठी थोडेसे. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल हटकून एकाच हाताने सर्व करीत असेल तर त्याला ‘डावखुरे’ म्हणून सोडून न देता दुसऱ्या हाताची शक्ती तपासावी. सौम्य अर्धांगवायू असा प्रथम ध्यानी येतो. कागदाला नाक टेकवून रंगविणाऱ्या मुलाची दृष्टी तपासावी. रंगांची नावे येऊनही मुलगा पाने तपकिरी आणि खोड हिरवे करीत राहिला तर रंगांधत्वाचा विचार करावा. येत असलेले कौशल्य नाहीसे होऊ लागले, तर विलंब मुळीच नको.

रंग तोंडात जाणार हे गृहीत धरावे. शिशाची सुरक्षित अशी मात्रा ज्ञात नाही. घरगुती रंगलेपांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. म्हणजेच त्याआधी रंगविलेली दारे, पाळणे आणि लाकडी खेळणी यांच्या पोपड्यांविषयी सावध राहावे. बिननावाचे सुटे रंग घेऊ नयेत. हळद रंगासाठी वापरायची तर विश्वासाची असावी, कारण सुट्या हळदीत शिसेयुक्त पिवळ्या रंगाची भेसळ आढळलेली आहे. पडद्यावर बोटाने रंग भरण्याचे खेळ याला पर्याय नव्हेत. काचेवर खडूचा दाब नाही, घर्षण नाही. शिवाय दोन ते पाच वर्षे वयात पडद्याचा वेळ दिवसाला तासाभराच्या आत ठेवावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये सुचविले आहे.

एक सूचना आपल्या मंडळांना. गणेशोत्सवातील रंगभरण स्पर्धेत सहा वर्षांखालील गटाला क्रमांक देऊ नयेत. क्रमांक आले की आईचा हात कागदावर येतो, हे परीक्षक म्हणून बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. त्याऐवजी सर्व चित्रे मंडपात दोरीवर टांगावीत आणि मुलाने चित्राविषयी जे सांगितले ते कुणा आजोबांनी त्याच्याच शब्दांत खाली लिहावे. एका बाजूने छापलेले जुने मोठे कागद चालतात. खडू जाड घ्यावेत व त्यांचे मुद्दाम दोन तुकडे करावेत. आखूड तुकडा मुठीत मावत नाही. तो तीन बोटांतच धरावा लागतो.