साधने अनेक, सॉकेट मोजकी!

दूरचित्रवाणी संच, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, मुलांचा गेमिंग कन्सोल आणि जोडीला माळ्यावरून खाली उतरलेला वडिलांच्या काळातील रेकॉर्ड प्लेअर! ही सारी साधने एकाच होम थिएटरवर वाजावीत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात रिसीव्हरच्या मागे दोन-तीनच सॉकेट रिकामी असतात. मग 'नवा रिसीव्हर घ्या' असा सल्ला मिळतो. मात्र थोडा विचार केल्यास हा खर्च अनेकदा टाळता येतो.

नावावर जाऊ नका

रिसीव्हरमागील लाल-पांढऱ्या सॉकेटवर 'सीडी', 'टेप', 'ऑक्स' अशी नावे असतात. ती केवळ ओळखीपुरती. या साऱ्या इनपुटची विद्युत पातळी सारखीच असते. त्यामुळे 'टेप इन' रिकामे असेल, तर तेथे सेट-टॉप बॉक्स खुशाल जोडावा. 'आउट' लिहिलेले सॉकेट मात्र त्यासाठी नव्हे.

अपवाद 'फोनो'चा. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणारा संदेश साधारण ५ मिलिव्होल्टचा, तर सीडी प्लेअरचा सुमारे २ व्होल्टचा असतो. 'फोनो' इनपुट हा क्षीण संदेश वाढवते आणि ध्वनिमुद्रणावेळी कमी केलेला खर्जही पूर्ववत करते. तेथे सीडी प्लेअर जोडल्यास आवाज फाटतो. उलट रेकॉर्ड प्लेअर थेट 'ऑक्स'ला जोडल्यास केवळ कुजबुज ऐकू येते. रिसीव्हरला 'फोनो' नसेल, तर मध्ये छोटा फोनो प्री-अॅम्प्लिफायर बसवावा. काही रेकॉर्ड प्लेअरमध्ये तो आतच असतो, हे आधी पाहावे.

टीव्हीची मदत

सर्व साधने टीव्हीला जोडून त्याचा आवाज एकाच वायरने रिसीव्हरकडे नेणे, हा दुसरा मार्ग. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत २००९ मध्ये 'ऑडिओ रिटर्न चॅनल' अर्थात 'एआरसी'ची सोय आली. टीव्ही आणि रिसीव्हर या दोहोंत ती हवी. नसल्यास ऑप्टिकल केबल वापरता येते. तिच्यातून डॉल्बी डिजिटल ५.१ ध्वनी जातो. ब्लू-रेवरील उच्च प्रतीचा ट्रूएचडी ध्वनी मात्र जात नाही. काही टीव्ही बाहेरील साधनांचा आवाज केवळ स्टिरिओ स्वरूपातच पुढे पाठवतात. त्यामुळे माहितीपुस्तिका पाहणे श्रेयस्कर.

निवड स्विचची

तरीही सॉकेट अपुरी पडली, तर सिलेक्टर स्विच घ्यावा. तीन-चार साधने त्याला जोडायची आणि एकच वायर रिसीव्हरला द्यायची. बटण दाबले, की हवे ते साधन सुरू! लाल-पांढऱ्या वायरींचा साधा स्विच विजेविना चालतो. ऑप्टिकल आणि एचडीएमआयसाठी मात्र स्वतंत्र स्विच लागतात.

येथे एक मोह टाळावा. इंग्रजी 'वाय' आकाराच्या केबलने दोन साधनांचे आउटपुट एकाच सॉकेटमध्ये जोडू नये. दोन्ही साधने परस्परांवर भार टाकतात, आवाज खालावतो आणि साधन बिघडण्याचीही शक्यता असते.

खरेदीपूर्वी कागदावर दोन याद्या कराव्यात. एक साधनांची, दुसरी सॉकेटची. जोडणी करताना सर्व उपकरणे बंद ठेवावीत आणि प्रत्येक वायरीला नावाची चिठ्ठी लावावी. एवढे केले, तर वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आणि मुलांचे गेम एकाच रिसीव्हरवर सुखाने नांदतील.