कड्यावर तुटलेली नदी

हिमालयात रुंद, सपाट तळाची दरी दिसली की ती हिमनदीने कोरली असावी, अशी शंका आधी येते. मावळातली इंद्रायणीची दरी अशीच ऐसपैस. पण इथे हिमनदी कधीच नव्हती. लोहगड-विसापूरची उंची जेमतेम हजार-अकराशे मीटर, तीही उष्ण कटिबंधात. मग कुरवंड्याला उगम पावणाऱ्या ओहोळाला उगमापाशीच एवढी दरी कशी? मला एकच उत्तर पटते: नदीचा वरचा भाग कड्याबरोबर गेला. सह्याद्रीची धार पूर्वी आणखी पश्चिमेला होती. नागफणी हा तिच्या माघारीतला आजचा मुक्काम. कडा म्हणजे जमीन खचल्याची खूण, असा यावर जुना आक्षेप आहे. भूकवच हलले हे खरेच. पनवेलकडे लाव्हाचे थर समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. पण तो बाक कड्यापासून बराच दूर आहे आणि घाटातले थर जवळपास आडवे. उताराची सुरुवात तिकडे झाली, तरी कडा इथवर आणला पाण्याने. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात ७००च्या आसपास. शिवाय पश्चिमेचा ओढा काही किलोमीटरांत पाचशेहून अधिक मीटर कोसळतो, तर पूर्वेच्या पाण्याला बंगालचा उपसागर गाठायचा असतो. कापण्याची ताकद कोणात जास्त, हे उघड आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकल्या, तिथे पाऊस डोंगर काय खाणार, असेही कुणी म्हणेल. पण लेणी कोरणाऱ्यांनी जाड, एकसंध थर पाहूनच छिन्नी लावली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हाचे सगळेच थर तसे नाहीत. दोन थरांमध्ये कुठे तांबड्या मातीची पट्टी, कुठे बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, नखाने उकरावा असा ठिसूळ खडक. भेगांतून मुरलेले पाणी तिथे पाझरते, खालचा मऊ भाग झिजतो आणि वरचा काळा पाषाण आधार सुटून एका रात्रीत खाली येतो. म्हणजे डोंगर कणाकणाने कमी नि धोंड्याधोंड्याने जास्त जातो. बोरघाटातल्या रेल्वेला हे १८६३ पासून ठाऊक आहे.

कडा मागे सरकतो तसे पूर्वेचे पाणी पश्चिमेचे ओढे पळवतात; या चोरीत माणसानेही हात घातला. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि वळवण धरणात अडलेले इंद्रायणीचे पाणी नळांतून घाटाखाली, पाताळगंगेकडे उतरू लागले. कड्याला त्यासाठी लाखो वर्षे लागली असती.